पत्रादेवी आणि फिलिपव्हिल

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीला आणि इतर नाक्यांवर, तिरंगा घेऊन निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसपेक्षा जास्त माणसं मारली गेली. त्यानंतर पाचच दिवसांनी, २० ऑगस्टला, अल्जीरियातल्या फिलिपव्हिल शहरावर आणि आसपासच्या वस्त्यांवर तिथल्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने हल्ला चढवला. शंभरावर माणसं मेली. त्यांत युरोपीय बायका होत्या, मुलं होती. फ्रेंचांनी सूड घेतला तो हजारोंच्या हिशेबाने. एकाच आठवड्यात दोन वसाहती स्वातंत्र्याच्या दोन अगदी उलट वाटांनी चालल्या होत्या. गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला, अल्जीरिया ५ जुलै १९६२ला. मध्ये जेमतेम साडेसहा महिने.

मी बेंगळुरूत इतिहास शिकवते. कॉलेजात मुलांना ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ हा अल्जीरियाच्या लढ्यावरचा १९६६चा चित्रपट दाखवला, तेव्हा मामाही आले होते. मामा मूळचे बांद्याचे, म्हणजे पत्रादेवीच्या अगदी शेजारचे. नोकरीनिमित्त तरुणपणी बेंगळुरूला आले, ते इथलेच झाले. चित्रपट पाहून घरी जाताना आम्ही फ्रीडम पार्कात बसलो. पूर्वीचं हे बेंगळुरूचं मध्यवर्ती कारागृह. आता तिथे बाग आहे, जुन्या बराकी आणि मधला टेहळणीचा मनोरा राखून ठेवलाय, आणि शहरातली धरणी-उपोषणंही तिथेच होतात. तिथे आमचा जो वाद झाला, तो इथे देते आहे. त्यात माझी बाजू सगळीकडे टिकली नाही, तरी ती आहे तशीच ठेवली आहे.

मामा : चित्रपट संपल्यावर तुझ्या पोरांनी पहिला प्रश्न काय विचारला? ‘मॅडम, हे लोक दहशतवादीच ना?’ मुलांचा दोष नाही. पण तू गप्प का राहिलीस?

मी : कारण मला उत्तर सोपं वाटत नाही. ३० सप्टेंबर १९५६ला अल्जिअर्सच्या मिल्क बारमध्ये मुक्ती आघाडीने बॉम्ब ठेवला, तेव्हा तिथे सुट्टी संपवून आलेली कुटुंबं आइस्क्रीम खात होती. मुलांचे पाय तुटले. त्या मुलांनी अल्जीरिया बळकावला नव्हता.

मामा : आणि त्याआधी १० ऑगस्टच्या रात्री कस्बामधल्या, म्हणजे अल्जिअर्सच्या जुन्या वस्तीतल्या, गल्लीत बॉम्ब कुणी ठेवला? फ्रेंचांमधल्याच जहाल लोकांनी. झोपलेली घरंच्या घरं कोसळली. ढिगाऱ्याखालून प्रेतं काढताना तुझ्या चित्रपटातसुद्धा दाखवली आहेत. मिल्क बार त्याच्यानंतरचा आहे गो.

मी : क्रम मला ठाऊक आहे. क्रम लक्षात घेतला म्हणून कृत्य योग्य ठरत नाही.

मामा : मग त्याहून मागे जाऊ. ८ मे १९४५. हिटलर हरला म्हणून सगळा युरोप नाचत होता. त्याच दिवशी सेतीफला अल्जीरियन लोक मिरवणुकीने निघाले, त्यांच्यासाठीही काहीतरी बदलेल या आशेने. कुणीतरी स्वतःचा झेंडा काढला. पोलिसांनी गोळीबार केला, मग दंगल उसळली, शंभरेक युरोपीय मारले गेले, आणि त्यानंतर कित्येक आठवडे विमानांनी आणि युद्धनौकांनी खेडी भाजून काढली. हजारो माणसं गेली. याच लोकांनी फ्रान्सच्या बाजूने लढाईत रक्त सांडलं होतं. अर्ज करून झाले, निवडणुका लढवून झाल्या, त्यातही सरकारनेच मतपेट्या भरल्या. फरहात अब्बाससारखा फ्रेंच शिकलेला औषधविक्रेता, आयुष्यभर सनदशीर मार्गाने चालणारा माणूस. तोही १९५६ साली मुक्ती आघाडीत गेला. त्याला कुणी पटवलं? फ्रेंचांनीच पटवलं.

इथे मी थांबले, हे कबूल करायला हवं. फरहात अब्बासबद्दल मामांना इतकं ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. नंतर कळलं, की गोव्याच्या बातम्या ऐकायला बांद्यात लोक रेडिओभोवती जमत, त्या रेडिओवर अल्जीरियाही येत असे. सीमेवरच्या माणसांना दुसऱ्या वसाहतींची खबर ठेवावीशी वाटायची.

मी : मामा, अर्ज तर गोव्यातही झाले. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. लोहिया सभेत बोलायला उभे राहिले, तेव्हा लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागायची. म्हापशाचे शल्यवैद्य डॉ. पुंडलिक गायतोंडे फेब्रुवारी १९५४मध्ये एका मेजवानीत उठून ‘मी याचा निषेध करतो’ एवढंच म्हणाले. कुणीतरी भाषणात गोवा पोर्तुगालचाच भाग असल्याचं म्हटलं होतं. तेवढ्यासाठी अटक, आणि थेट लिस्बनला रवानगी. म्हणजे जुलूम इथेही होताच. तरीही गोव्याच्या हद्दीवर माणसं हात रिकामे ठेवून चालत गेली.

मामा : मी ती पाहिली आहेत. आमच्या ओटीवर उतरली होती. मी सात-आठ वर्षांचा. आई तांदळाची पेज वाढत होती आणि ते आपल्या वेगवेगळ्या भाषांत तिला नमस्कार करत होते. सकाळी गेले. दुपारपासून माणसं खांद्यांवरून, झोळ्यांतून परत यायला लागली. तू मला पत्रादेवी शिकवू नकोस.

मी : शिकवत नाही, विचारते आहे. पंजाबातून आलेला कर्नैल सिंग, तरुण शिक्षक. सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्यावर तो पुढे आला आणि त्याने छातीवर गोळी घेतली. सहोदराबाई वाचल्या, पुढे लोकसभेत गेल्या. त्या दिवशी ती माणसं मेली ती वाया गेली का?

मामा : वाया गेली असं कोण म्हणेल? पण गोवा त्याने मोकळा झाला का? नाही झाला. सप्टेंबरात नेहरूंनीच सत्याग्रह थांबवला. पुढे सहा वर्षं पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार लिस्बनला निवांत बसून होता. इंग्रजाला निदान विलायतेतल्या पार्लमेंटची, वर्तमानपत्रांची थोडी भीती होती. सालाझारला कसली? त्याच्या देशातच कुणाला तोंड उघडता येत नव्हतं. हद्दीवर माणूस मेला हे लिस्बनच्या माणसाला कळलंच नाही, तर त्याचं मन पालटणार कसं? सत्याग्रहाला समोर ऐकणारा कुणीतरी लागतो.

हा मुद्दा माझ्या मते सगळ्या वादातला सर्वांत वजनदार. सत्याग्रहाची ताकद मोजताना आपण नेहमी सत्याग्रहीकडे बघतो. त्याची तयारी, त्याचं धैर्य, त्याची शिस्त. समोरच्या राज्यात बातमी कुठपर्यंत पोचते, हा हिशेब मांडत नाही. फ्रान्समध्ये ती पोचत होती. १९५८ साली आंरी आलेग या पत्रकाराने फ्रेंच पॅराट्रूपर्सनी केलेल्या छळाचं पुस्तक लिहिलं, सरकारने ते जप्त केलं, तरी ते फ्रान्सभर वाचलं गेलं. पोर्तुगालमध्ये अशी फट नव्हती.

मी : मान्य. पण मग हत्यार घेतलेल्या आझाद गोमंतक दलानं काय साधलं? त्यांच्याही बंदुकांनी गोवा सुटला नाही.

मामा : सिल्वासा सुटलं! २ ऑगस्ट १९५४. गेलेली पोरं कोण होती? कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी गायक. सुधीर फडके त्यात होते. पुढच्याच वर्षी पुणे आकाशवाणीवर ज्यांच्या आवाजात घराघरांत गीतरामायण ऐकलं गेलं, तेच बाबूजी. पोर्तुगालला तिथे परत पाऊल टाकता आलं नाही. हेगच्या न्यायालयात गेले, पण तिथेही सैन्य न्यायची परवानगी मिळाली नाही. आणि गोव्यात मोहन रानडे! सांगलीचा मनोहर आपटे, नाव बदलून गोव्यात मराठी शिकवायला गेलेला. ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळ्या लागून पकडला गेला. शिक्षा किती? सव्वीस वर्षं. त्यातला कितीतरी काळ एकांतकोठडीत. गोवा मुक्त झाला तेव्हा तो पोर्तुगालच्या तुरुंगात होता, आणि त्यानंतर आणखी सात वर्षं तिथेच. जानेवारी १९६९मध्ये सुटला. बाबूजींनी आणि कितीजणांनी त्याच्यासाठी खटपट केली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपपर्यंत गेले. आपल्या मुलांना कर्नैल सिंगचं नाव ठाऊक असतं एखाद्या वेळी, रानड्यांचं नसतं.

मी : रानडे आणि मिल्क बार एका मापात घालू नका. दलाने पोलीस चौक्या निवडल्या, खजिना निवडला, खाणीतली स्फोटकं पळवली. खबऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तेही मला बोचतं. पण आइस्क्रीमच्या दुकानात ते गेले नाहीत. माझा मुद्दा एवढाच. हत्यार घेतलंच, तर ते कुणावर रोखायचं याचं उत्तर माणूस स्वतः देतो. ते उत्तर परिस्थिती देत नाही.

मामा : देते. पणजीत आइस्क्रीम खाणारे पोर्तुगीज होते किती? मूठभर अधिकारी आणि शिपाई. अल्जीरियात दहा लाख गोरे वसले होते, सुपीक जमीन त्यांच्याकडे, मतदान त्यांच्या सोयीचं. फ्रान्स म्हणे, अल्जीरिया ही वसाहतच नव्हे, ते फ्रान्सचे तीन जिल्हे. सालाझारही गोव्याला ‘प्रांत’ म्हणायचा, पण त्या प्रांतात राहायला पोर्तुगालमधून कुणी आलं नव्हतं. जिथे जुलूम करणारा गणवेशात असतो तिथे संयम पाळता येतो. जिथे तो शेजारच्या बंगल्यात, दुकानात, मळ्यात असतो, तिथे काय करशील? आपल्या पोरांची त्या परीक्षेला बसायची वेळच आली नाही. न दिलेल्या परीक्षेतल्या गुणांवर अल्जीरियाला नापास करू नकोस.

यावर मी गप्प झाले. आजही या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मात्र अर्धं उत्तर आहे, आणि ते मी मामांना दिलं.

मी : अल्जीरियातच ज्यांनी ती परीक्षा दिली त्यांनी काय केलं ते पाहू. मे १९५७मध्ये मेलूझा खेड्यातले तीनशेच्या आसपास पुरुष मुक्ती आघाडीने मारले. ते गोरे नव्हते. अल्जीरियनच होते, फक्त मेसाली हाजच्या दुसऱ्या पक्षाला मानणारे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आघाडीचा बुद्धिमान संघटक अबान रमदान याला त्याच्याच सहकाऱ्यांनी मोरोक्कोत गळा आवळून मारलं, आणि तो लढाईत पडला असं जाहीर केलं. १९६२नंतर फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या हजारो अल्जीरियनांचं काय झालं? तुमचे फरहात अब्बास, स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत स्वतःच्या सरकारने त्यांना डांबून ठेवलं. १९६५मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष बेन बेल्लालाही हटवलं. नव्वदच्या दशकात पुन्हा लाखभराहून जास्त बळी. बंदूक एकदा निर्णय घ्यायला शिकली, की ती शत्रू गेल्यावर गप्प बसत नाही.

मामा : आणि गोव्यात?

मी : गोव्यात १६ जानेवारी १९६७ला लोकांना विचारलं, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं? घराघरांत भांडणं झाली, भाऊ भावाशी बोलेनासा झाला. निकाल ३४,०२१ मतांच्या फरकाने लागला, विलीनीकरणाच्या विरुद्ध. आपल्यासारख्या मराठी माणसांना तो लागला, मलाही तो वाचताना चुकचुकतं. पण कुणी कुणावर गोळी चालवली नाही. ज्यांच्या हाती पूर्वी पिस्तुलं होती त्यांनीही नाही. दलातले प्रभाकर सिनारी पुढे गोव्याच्या पोलीस दलात वरिष्ठ अधिकारी झाले.

मामा : ते श्रेय सत्याग्रहाचं नव्हे. भारताची घटना तयार होती, मतपेटी तयार होती, आयती हाती आली. आणि गोवा मोकळा कुणी केला? भारताच्या तिन्ही सेनादलांनी. रणगाडे, विमानं, युद्धनौका. ज्याला आपण अहिंसक देश म्हणतो त्यानेच. मग अल्जीरियन माणसाने तुला विचारलं, की तुमच्या बाजूला एवढा मोठा स्वतंत्र भारत होता, माझ्या बाजूला कोण होतं, तर काय सांगशील?

या वाक्यापाशी वाद खरोखर बदलला. गोव्याच्या मुक्तीची आठवण काढताना आपण एक तर पत्रादेवीच्या रक्ताची काढतो, नाहीतर ‘ऑपरेशन विजय’ची. मधली कडी सोडून देतो. गोव्यातल्या माणसांना चौदा वर्षं वाट पाहावी लागली, पण शेवटचा घाव घालायला शेजारी उभा होता. म्हणून त्यांना स्वतःच्या हातांनी तो घालावा लागला नाही. पोर्तुगालचा गव्हर्नर जनरल वास्सालो इ सिल्वा यानेही शहाणपणा दाखवला. सालाझारचा हुकूम होता, विजय किंवा मरण. त्याने शरणागती पत्करली, शहरं वाचवली, आणि त्याबद्दल मायदेशी सैन्यातून काढून टाकण्याची शिक्षा भोगली. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने पडला. ही सगळी सुदैवं गोव्याच्या वाट्याला एकत्र आली. अल्जीरियाला साडेसात वर्षं चार लाखांवर फ्रेंच सैन्य अंगावर घेऊन लढावं लागलं. त्यात किती मेले याचे आकडे इतिहासकार काही लाखांत देतात, अल्जीरियाचं सरकार पंधरा लाख सांगतं.

मी : मी त्या अल्जीरियन माणसाला सांगेन, की तुझ्या लढ्याला चूक म्हणायचा मला हक्क नाही. पण मिल्क बारला चूक म्हणायचा आहे. तो हक्क मला कर्नैल सिंगनं दिलाय.

मामा : आणि सेनापती बापटांनी काय दिलं? त्यांचं काय करशील?

मी : म्हणजे?

मामा : बापट पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या शिकले, पुस्तिका हिंदुस्थानात पोचवली. मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला आणि पुढे रेल्वे अडवायला पिस्तूल घेतलं. आणि १८ मे १९५५ला नानासाहेब गोऱ्यांबरोबर गोव्यात शिरलेल्या पहिल्या मोठ्या तुकडीत हाच माणूस होता, वय ७४, रिकाम्या हातांनी. आयुष्यभरात दोन्ही वाटा चालला. त्याला तू कुठल्या रकान्यात घालणार?

मी : तुम्ही त्यांना तुमच्याकडे ओढताय. ते शेवटी रिकाम्या हातांनी गेले, हे महत्त्वाचं.

मामा : शेवटी? त्यांनी त्या त्या वेळी समोर कोण आहे ते पाहिलं. आणि ते सोड, आपण बसलोय कुठे? १९४२मध्ये याच तुरुंगात एच. एस. दोरेस्वामी चौदा महिने होते. का? टपालपेट्यांत आणि सरकारी दप्तरखान्यांत छोटे टाइमबॉम्ब ठेवल्याबद्दल. माणूस मरू नये अशी काळजी घेतलेले. तेच दोरेस्वामी पुढे सगळ्या कर्नाटकाचे गांधीवादी आजोबा झाले, १०३व्या वर्षी गेले. त्याच १९४२मध्ये शिवमोग्ग्याच्या ईसूरू गावाने स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं, जमावाच्या हातून अंमलदार आणि फौजदार मारले गेले, आणि पाच जण फासावर गेले. आपण म्हणतो तितका हा देश सरळ दोन रांगांत कधी उभा नव्हता.

मी : याच तुरुंगात मधू दंडवतेही होते, मामा. १९७५ला, आणीबाणीत. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला आणि ते इथे. हेच दंडवते १९५५ला गोव्याच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले होते, पोर्तुगीजांचा मार खाऊन आले होते. वीस वर्षांनी आपल्याच सरकारने त्यांना याच भिंतींआड ठेवलं, आणि बाहेर आल्यावर त्यांनी पुन्हा निवडणूकच लढवली. मला हे अबान रमदानच्या गोष्टीपेक्षा वेगळं वाटतं. पोर्तुगीजांपुढे जी सवय लावून घेतली, ती स्वतःच्या माणसांपुढेही टिकली.

मामा काही वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे मला पटतं. पण रानडे विसरायचे नाहीत.” मी म्हटलं, विसरायचे नाहीत. ‘सतीचे वाण’ हे त्यांचं पुस्तक आमच्या ग्रंथालयात मागवायला सांगितलं. आणि वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या रानातून, मग आपल्याच कर्नाटकातल्या कॅसलरॉकहून सहा वर्षं चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्र, तेही वर्गात सांगायचं ठरलं. ते केंद्र ना बंदुकीच्या बाजूचं होतं ना मोर्चाच्या. पोर्तुगीजांनी बंद केलेली बातमी गोव्याच्या घरांत पोचवणं, एवढंच काम. मामांच्या ‘ऐकणारा लागतो’ या मुद्द्याला तेच खरं उत्तर होतं, हे मला त्यांच्याशी बोलून घरी आल्यावर सुचलं.

एक गोष्ट मामांनी सांगितली नव्हती, ती इथे जोडते. गोव्यात कैद्यांना छळण्यासाठी कुप्रसिद्ध झालेला पोलीस काझिमिरो मोंतेरो. गोवा मुक्त होण्याआधी तो निसटला. १९६५ साली पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांनी सालाझारचा विरोधक जनरल उम्बेर्तो देलगादो याला स्पेनच्या हद्दीत नेऊन मारलं, त्या मारेकऱ्यांत हा मोंतेरो होता. वसाहतीत शिकलेली क्रूरता साम्राज्याने शेवटी स्वतःच्याच माणसावर वापरली. फ्रान्सचंही तेच. १७ ऑक्टोबर १९६१च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यांवर अल्जीरियन निदर्शकांना पोलिसांनी मारून सीन नदीत फेकलं. बंदूक निर्णय घ्यायला शिकते, असं मी मामांना म्हटलं होतं ते मुक्ती आघाडीबद्दल. ते राज्यकर्त्यांनाही तितकंच लागू आहे, किंबहुना आधी त्यांनाच.

माझा निकाल असा आहे. अल्जीरियाला स्वातंत्र्यासाठी हत्यार उचलावं लागलं, त्याची पहिली जबाबदारी फ्रान्सची. सेतीफ न शिकवता फिलिपव्हिल शिकवणं हा अन्याय आहे. आणि मिल्क बारमध्ये बॉम्ब ठेवणं चूक होतं, हे सेतीफ शिकवल्यावरही चूकच राहतं. गोव्याच्या बाबतीत आपण मराठी माणसांनी पत्रादेवीचे हुतात्मे आणि बेतीचे रानडे या दोघांनाही एका धड्यात आणायला हवं, कारण ते एकाच वर्षात, दोन महिन्यांच्या अंतराने, एकाच भूमीसाठी पुढे आले होते. ज्यांच्या घरी बांदा, सावंतवाडी, कॅसलरॉक, कारवार या सीमेवरच्या आठवणी असलेली वडीलधारी मंडळी अजून आहेत, त्यांनी त्या आता लिहून घ्याव्यात. १९५५ला सात-आठ वर्षांची असलेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत.